मांजरपाटाची बंडी

आप्पा, आज एका म्हातारीच्या दशक्रियेला जाऊन आलो. श्रीगोंद्याच्या अलीकडे, उसाच्या रानात त्यांची वस्ती आहे. ती आपल्या नात्यातली नव्हती, माझी पेशंट होती. पेशंटच्या दशक्रियेला जायचं नाही असं मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. गेलं की प्रवचन होतं, मग पुढारी उठतात, आणि गेलेल्या माणसाबद्दल ज्याला सगळ्यात कमी माहिती असते तो सगळ्यात जास्त वेळ माइक धरून बसतो. तरी आज गेलो. घरी आल्यावर हातपाय धुतले, तुमच्या शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि त्यावरच कागद ठेवून लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी पत्ता काय घालणार होतो.

आधी मी हल्ली काय करतो ते सांगतो, कारण तुमच्या लेखी मी अजून नगरच्या त्या छोट्या नर्सिंग होममधला ब्रदर आहे. ते सोडून अकरा वर्षं झाली. आता मी लोकांच्या घरी जातो. ज्यांचा आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, त्यांच्या. दुखणं कमी करायचं, जखम धुवायची, कूस कशी बदलायची ते घरच्यांना दाखवायचं. ही सोपी कामं. अवघड काम एकच. त्या माणसाला विचारायचं, की शेवट जवळ आला तर तुम्हाला काय हवं आणि काय नको. घरी राहायचंय की दवाखान्यात. नळ्या, मशीन लावायची की नाही. तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीनं कुणी बोलायचं. जे सांगतील ते कागदावर उतरवायचं, त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा, दोन साक्षीदार गाठायचे, आणि पुढचे नोटरीबिटरीचे सोपस्कार असतात ते करून आणायचे. पहिल्या भेटीत लोक मला विमा एजंट समजतात, दुसऱ्या भेटीत यमाचा माणूस. तिसऱ्या भेटीत चहा देतात. पुणतांब्याच्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी फक्त एवढंच लिहून घेतलं, की खाट अशी लावा की सकाळचं गोदावरीचं पाणी दिसेल, आणि बघायला येणाऱ्यांना माझ्यासमोर रडू देऊ नका. पाथर्डीकडची एक बाई आजारी असूनही नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणार होती, कारण मागं घरी कुणीच उरत नव्हतं. तिनं विचारलं, ‘‘माजं काय बरंवाईट कारखान्यावर झालं, तर मला गावाला आनतील का? तसं लिवता येतं?’’ येतं म्हटल्यावर ती इतकी खूश झाली की मला बाजरीच्या दोन भाकरी बांधून दिल्या.

हे विचारायचं काम मला नर्सिंगच्या कोर्सला कुणी शिकवलं नाही. ते मी केडगावात आपल्या दुकानात शिकलो. तुम्हाला आठवतं का माहीत नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि तुम्ही अस्तराचं कापड आणायला नगरला गेला होतात. नेप्तीकडचा एक जण वडलांच्या सदऱ्यासाठी कापड घेऊन आला. म्हणाला, ‘‘बापाला कुठं हितवर आनू? माज्याच मापाचा शिवा, जरा ढिला.’’ मला वाटलं, आप्पा यायच्या आत सदरा कापून ठेवावा, शाबासकी मिळेल. मी त्याचं माप घेतलं, छातीला दोन इंच वाढवले आणि कात्री चालवली. तुम्ही आलात, कापलेले तुकडे हातात घेतलेत, उलटसुलट करून पाहिलेत.

‘‘ह्ये कुनाच्या अंगात जायचं?’’

‘‘त्याच्या वडलांच्या.’’

‘‘मग त्यांला इचारलं का?’’

तुम्ही आवाज चढवला नाहीत. टेप माझ्या गळ्यात अडकवलात आणि सायकलकडे बोट केलंत. भर उन्हात मी नेप्तीला गेलो. म्हातारा पाठीत पार वाकलेला होता. माझ्या हातानं कापलेला सदरा त्याच्या अंगात पुढून गुडघ्यापर्यंत लोंबला असता आणि मागून कमरेच्या वर राहिला असता. मी माप घ्यायला लागलो तसा तो हसायलाच लागला. ‘‘कालर नको रे मला, मानंला टोचती. आन् खिसा आतून दे. वाकलो की तमाखूची पिशवी भाईर पडती. इतकी वर्सं झाली, परत्येक सदऱ्याला कालर हाय आन् वरून खिसा हाय. कुनी इचारतच न्हाई.’’ तुम्ही त्याला तुमच्याजवळच्या कापडातून नवा सदरा शिवून दिलात, बिनकॉलरचा, आतल्या खिशाचा. आणि ते वाया गेलेलं कापड आठवडाभर दुकानातल्या खिळ्यावर टांगून ठेवलंत, मला येता-जाता दिसावं म्हणून. मला त्या वेळी तुमचा फार राग आला होता. आता तो किस्सा मी नव्या नर्सना सांगतो आणि त्या हसतात, तेव्हा मला तुमचा अभिमान वाटतो.

तर ही म्हातारी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या मुलानं मला वस्तीच्या फाट्यावरच गाठलं. पन्नाशीचा, उंचापुरा, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. ‘‘ब्रदर, एक इनंती हाय. आईम्होरं गाठीचं नाव काढू नका. आमी तिला अल्सर सांगितलाय. खरं कळलं तर ती हाय खाईल.’’ हे मला नवीन नाही. आपल्याकडे अर्ध्या घरांत कॅन्सरला अल्सर म्हणतात आणि उरलेल्या अर्ध्यांत डाग. म्हातारी पडवीत खाटेवर बसून सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. अन्ननलिकेचा कॅन्सर होता. पातळ पेजेशिवाय घशाखाली काही उतरत नव्हतं, पण दुसऱ्यांसाठी शेंगा फोडायचं काम चालू होतं. मी खाली बसलो आणि विचारलं, ‘‘आजी, दुखतं का?’’

‘‘न्हाई, दुखत न्हाई तिला,’’ मुलगा म्हणाला.

‘‘झोप लागते?’’

‘‘लागती की. चांगली लागती.’’

मी पाच प्रश्न विचारले आणि पाचही उत्तरं मुलानं दिली. वाईट माणूस नव्हता. आईच्या पायांवर माशीसुद्धा बसू देत नव्हता. शेवटी मी त्याला म्हटलं, गाडीत माझी काळी पिशवी राहिली, तेवढी आणा. गाडी फाट्यावर होती आणि पिशवी माझ्या पाठीमागेच होती. तो गेला. म्हातारीनं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘त्याला लांब धाडलं व्हय? बरं केलंस.’’ तिनं सूप बाजूला ठेवलं. ‘‘मला कॅन्सर हाय. मला समदं म्हाईत हाय. मला म्हाईत हाय ह्येच त्याला म्हाईत न्हाई. तू सांगू नको, लई हळवा हाय त्यो.’’

मी विचारलं, मग पुढं तुम्हाला काय हवंय ते सांगाल का. तिनं जास्त विचार केला नाही, बहुतेक आधीच करून ठेवला होता. ‘‘मला हितनं हलवू नका. हितनं गोठा दिसतो. नाकात नळ्या नको. लेकीला जित्तेपनी बोलवा, मेल्यावर येऊन काय करनार ती?’’ मी लिहीत होतो. मग स्वतःच्या हातांकडे बघत ती म्हणाली, ‘‘आन् माजं हात मोकळं ऱ्हाऊ द्या. ह्याच्या बापाला दवाखान्यात मशीनवर ठिवलं हुतं, तवा त्यांचं हात खाटंला बांधलं हुतं. मी आत गेले तर नुसतं माज्याकडं बघत हुते. मला त्ये सोडता आलं न्हाईत.’’

आप्पा, ‘हात मोकळे ठेवावेत’ हे तीन शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. मुलगा परत आला आणि म्हणाला, गाडीत पिशवी नाही. म्हातारी म्हणाली, ‘‘सापडली बग हितंच.’’

दुसऱ्या भेटीत मी सगळ्यांना बसवलं. मुलगा, सून, शेजारच्या वस्तीवरचे दोघे साक्षीदार. म्हातारीनं स्वतःच विषय काढला. मुलानं तिला अडवलं. ‘‘आई, असलं अभद्र बोलू नको गं. तुला काय धाड भरलीय? पुन्याला न्हेतो मी तुला, मोठ्ठ्या दवाखान्यात.’’ अंगठा लावायला पुढं केलेला हात तिनं मागं घेतला. अशा वेळी मी एक गोष्ट सांगतो. ती मी शंभर घरांत सांगितली आहे, शिबिरांतून सांगितली आहे, आणि ऐकणारे गहिवरतात. माझे वडील शिंपी होते, फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले, शेवटचे बारा दिवस व्हेंटिलेटरवर होते. मी नर्स असूनही त्यांना काय हवंय ते आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही, म्हणून आता मी विचारत फिरतो. अशी ती गोष्ट. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, ‘‘पन ब्रदर, तुमचे वडील सोताहून काय बोलले हुते का?’’

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, ‘‘नाही. विचारलंच नाही, तर ते काय बोलतील.’’ म्हातारीनं अंगठा लावला, साक्षीदारांनी सह्या केल्या. तिच्या वतीनं बोलणारा म्हणून मुलाचंच नाव तिनं सांगितलं, पण त्यानं कागदाला हात लावला नाही. मी गाडीत बसलो आणि केडगाव येईपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही.

कारण ते खोटं आहे. तुम्ही बोलला होतात. तुम्हाला आम्ही ‘छातीत डाग आहे’ असं सांगितलं होतं, त्याला दोन-अडीच महिने झाले असतील. मी ड्युटीवरून दुपारी दुकानात आलो तर तुम्ही धापा टाकत मांजरपाटाचं जाडंभरडं कापड कापत होतात. मी विचारलं, कुणाची बंडी? तुम्ही म्हणालात, माजी. मी विचारलं, मग पुढून पूर्ण उघडी कशाला, आणि बटणांऐवजी बंद का? तुम्ही खडू ठेवलात.

‘‘निजून घालता आली पायजे. डोक्यातनं घालायची म्हंजी दोघांनी उठवाया लागतंय. ही नुसती खाली सरकवायची आन् पुढून बांधायची.’’ मग टेप स्वतःच्या छातीभोवती फिरवून मला दाखवलात. ‘‘म्हैन्यात दोन इंच गेली. डागानं यवढी जात नसती. मी काय खुळा हाय का? ऐक नीट. मला मशिनीला लावून ठिवू नको. हितं, माज्या मशीनपशी खाट टाक, ही बंडी घाल आन् बस माज्यापशी. बाकी मला कायबी नको.’’

कोणत्याही पेशंटनं मला इतकं स्वच्छ कधी सांगितलेलं नाही. आणि मी काय म्हणालो? ‘‘आप्पा, असलं अभद्र बोलू नका. काही झालेलं नाही तुम्हाला.’’ वस्तीवरच्या त्या मुलानं वापरले तेच शब्द. तुम्ही पाय मशीनवर ठेवलात आणि टीप घालायला लागलात. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि तुम्ही काढला नाहीत याचं मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी तुमचा श्वास लागला, तेव्हा घरात चुलते होते, मामा होते, दोन्ही मेहुणे होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण दवाखान्यातला माणूस मी. मी नर्स होतो, आप्पा. ती नळी एकदा आत गेली की तुम्ही परत बोलणार नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. पण चुलते म्हणाले, ‘‘सोता दवाखान्यात कामाला आन् बापाला घरात मारलं, असं नको व्हायला.’’ आणि मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मला तुमच्या मरणाची भीती वाटत होती, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त भीती लोक काय म्हणतील याची वाटत होती. आयसीयूत तुम्हाला दवाखान्याचा हिरवा गाऊन घातला. बंडी मशीनच्या ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेली होती. तुम्ही गेल्यावर ती तुमच्या अंगात घातली, पण तेव्हा तुम्हाला काय कळणार होतं, म्हणून मी ती परत काढून घेतली. चुलते चिडले होते. मी कुणाचं ऐकलं नाही. ते आधी जमायला हवं होतं.

म्हातारीचा अंगठा घेतला त्याला महिना होत आला आणि एका सकाळी आठच्या सुमाराला तिच्या मुलाचा फोन आला. मी रस्त्यात होतो, गाडी कडेला घेतली. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. ‘‘ब्रदर, आई लई धापा टाकतीय. बोलेरो दाराला लावलीय. समदी भावकी गोळा झालीय, म्हनत्यात नगरला न्ह्या, कागदाचं काय घिऊन बसलाय. तुमी सांगा, न्हिऊ का नको?’’

नियम असा आहे की मी तुमचं तुम्ही ठरवा म्हणायचं, दोन्ही बाजू शांतपणे सांगायच्या. मी ते म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. मी म्हणालो, ‘‘मी तुमच्याशी त्या दिवशी खोटं बोललो. माझे वडील बोलले होते. घरीच ठेव, मशीन लावू नको, असं मला तोंडावर सांगितलं होतं. मी त्यांना अभद्र बोलू नका म्हणालो आणि दवाखान्यात नेलं. एकोणीस वर्षं झाली.’’ बंडीचंही सांगितलं. पलीकडून बोलेरोच्या इंजिनाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला. मुलगा म्हणाला, ‘‘मग तुमी या. बिगीनं या.’’

मी पोचलो तेव्हा बोलेरो गोठ्याच्या मागं लावलेली होती आणि तो भावकीतल्या एका जाडजूड काकांना हात जोडून सांगत होता, ‘‘काका, आईनं सोता सांगितलंय, त्यात आता तुमी न्हाई आन् मी बी न्हाई.’’ मी औषध दिलं, तिला उशांवर टेकवून बसवलं, पंखा तोंडाकडे फिरवला. तासाभरात धाप उतरली. त्यानंतर ती नऊ दिवस होती. लेक आली. जर्सी गाय व्यायली ते तिनं खाटेवरून बघितलं आणि चीक सगळ्या शेजाऱ्यांना वाटायला लावला. गेली ती दुपारी, मुलाच्या हातात हात असताना. आज दशक्रियेला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘शेवटाला तिनं माजं मनगट दाबलं ओ ब्रदर. दोनदा दाबलं.’’ आणि तो एवढा मोठा माणूस माझ्या खांद्यावर रडला. त्याच्यासाठी मला फार बरं वाटलं. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्याचा हेवाही वाटला.

हे पत्र मी बंडीच्या घडीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. बंडी अजून चांगली आहे, फक्त बंद पिवळे पडलेत. यापुढं ती गोष्ट मी खरी सांगणार, शिबिरातसुद्धा. पण एक तपशील मी त्या मुलाला फोनवरही सांगितला नाही आणि शिबिरातही मला सांगता येईल असं वाटत नाही, म्हणून तो तुम्हालाच लिहितो.

आयसीयूत दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर आलात आणि नळीकडे हात न्यायला लागलात. ड्युटीवर एक तरुण सिस्टर होती. तिनं गॉजची पट्टी हातात घेतली आणि विचारलं, ‘‘बांधू का?’’ तुम्ही जागे होतात, डोळे उघडे होते, मान हलवता येत होती. तिनं मला विचारलं. मी ‘हो’ म्हणालो, आणि तुमचा उजवा हात मीच धरून दिला.